थंड इंजिनाचा आवाज

आवाज यायचा तो फक्त सकाळी, गाडीला पहिला स्टार्टर मारला की. ओंजळभर खिळे पत्र्याच्या डब्यात टाकून कुणी एकदाच खळखळवावेत, तसा. दोन सेकंद, फार तर तीन. मग इंजिन असं काही गुरगुरायला लागायचं, की मघाशी ऐकलं ते खरं की खोटं अशी आपली आपल्यालाच शंका यावी.

हर्षलाला ती शंका येत नव्हती. ओजल व्हायच्या आधी चार वर्षं ती मोहोपाड्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये होती. आकडा विचित्र आला तर त्याच्याशी वाद घालायचा नाही, वेळ टाकून लिहून ठेवायचा, ही तिथली सवय. ती नोकरी सुटली तरी सवय सुटली नाही. तिच्याकडे एक दोनशे पानी वही होती. पुढून उघडली की ओजलचं दूध, ताप, लशी. उलटी करून मागून उघडली की सासऱ्यांची गाडी. ‘१२ मार्च, सकाळी ६.५०, रात्रभर उभी, आवाज अंदाजे एक सेकंद.’ ‘३ एप्रिल, सकाळी ७.१०, एक सेकंद.’ असं पान-पान.

“तुझ्या कानात लॅब बसवलीय,” ओमकार, तिचा नवरा, चिडवायचा. “वीस वर्षांची गाडी हाय ती. सव्वादोन लाख किलोमीटर पळालीय. तुझे गुडघे वाजणार नायत का त्या वयाला?”

“माझ्या गुडघ्यांवर बसून आपली पोरगी खंडाळ्याचा घाट चढणार नाही,” ती म्हणायची.

खरी गोम तिथंच होती. ओजलला तिसरं लागलं होतं आणि तिचं जावळ एकवीरेला काढायचं, हे ती पोटात होती तेव्हापासूनच ठरलेलं. रविवार पक्का झाला होता. मामा सांगून झाला होता, कोंबडं बघून ठेवलं होतं. आणि साईनाथबाबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, “माझी नात माझ्या गाडीतून जाईल.”

माझ्या गाडीतून हे शब्द उच्चारायला त्या माणसाला एकतीस वर्षं लागली होती. पळसदरीला एका शेठचा बंगला होता, तिथे साईनाथबाबा ड्रायव्हर. शेठनी परदेशातून आणवलेली ती दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून धावणारी गडद हिरवी स्पोर्ट्स कार बाबांनीच चालवली, बाबांनीच धुतली. शेठ गेले तेव्हा त्यांच्या मुलीने किल्ली बाबांच्या हातात ठेवली. गावात तिला बेडकी म्हणायचे. गावातल्या दोन गतिरोधकांवर तिचं पोट घासू नये म्हणून बाबा डिकीत दोन फळ्या ठेवायचे. उतरायचं, फळ्या मांडायच्या, पार करायचं, फळ्या उचलायच्या. पोरं हसायची. बाबा त्यांनाच फळ्या उचलायला लावायचे.

अशा माणसाला “बाबा, तुमच्या गाडीतून नको” हे कसं सांगायचं? तेही कशाच्या जोरावर? दोन सेकंदांच्या?

गाडी तीनदा गजा मिस्त्रीकडे नेऊन झाली होती. त्याचं गॅरेज खालापूरच्या अंगाला, घरापासून सतरा किलोमीटरवर. गजा पंचावन्न-छप्पन्नचा, तोंडाने फटकळ, हाताने देव. तिन्ही वेळा गाडी तिथे पोचेपर्यंत तापून मऊ झालेली. गजाने बॉनेट उघडायचं, कान द्यायचा, चार वेळा स्टार्टर मारायचा. काही नाही. “टॅपेट वाजत असतील, दादा,” तो जूनमध्ये बाबांना म्हणाला होता. “वय झालं हिचं. आता जरा घट्ट तेल टाका, गप बसंल.” हर्षलाने मोबाइलवर आवाज धरून पाठवला, तर त्याने उलटा फोन केला, “ताई, फोनवर सगळंच कढईत उलथनं फिरवल्यासारखं येतं वो.” रात्रभर गाडी गॅरेजात ठेवायला बाबा तयार नव्हते. बेडकी परक्या छपराखाली एक रात्र काढणार नव्हती.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी ओजलच्या जुन्या नोंदी चाळताना हर्षलाला डॉक्टरीणबाई आठवल्या. ओजल दहा महिन्यांची असताना पहाटे तिच्या छातीत शिटी वाजायची. अकराच्या सुमाराला दवाखान्यात न्यावं तर छाती लख्ख. सासूबाई म्हणायच्या भास, ओमकार म्हणायचा भास. कर्जतच्या त्या बाईंनी मात्र सांगितलं होतं, “आवाज येत असेल तेव्हा आण. किती का वाजेनात.” नेली, आणि बाईंना पाच मिनिटांत कळलं.

तिने तिथल्या तिथे गजाला फोन लावला.

“काका, गाडी तुमच्यापर्यंत येते आणि वाटेत बरी होते. तुम्हीच या. सकाळी, ती झोपेत असताना.”

पलीकडचा पान्यांचा खणखणाट थांबला. मग गजा म्हणाला, “तीनदा आली, तिन्ही टायमाला गरम. माज्या ध्यानात यायला पायजे व्हतं. उद्याच्याला येतो, साताला. पन कोनी किल्लीला हात लावायचा नाय हां.”

हे शेवटचं वाक्य तिने घरात तीनदा सांगितलं. बाबांना सांगितलं, आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं, पहिल्या पाळीला पहाटे निघणाऱ्या ओमकारला सांगितलं. बाबांनी मान हलवली होती. ती मान होकाराची असं तिने धरलं, इतकंच.

शुक्रवारी सात वाजता गजा मोटारसायकलवरून उतरला आणि अंगणात थबकला. बेडकी चकाकत उभी. आंघोळ घातलेली, काचा पुसलेल्या, बॉनेटवर दोन जास्वंदी. बाबा धुतलेला सदरा घालून शेजारी. गजाने बॉनेटवर तळहात ठेवला आणि काढून घेतला.

“दादा,” तो म्हणाला, “आमी पोरगी बघाया आलो, तर तुमी लगीन लावून मोकळे!”

“अरे, मिस्त्री घरी येनार म्हटल्यावर पारोशी दाखवायची का गाडी?” बाबा म्हणाले. “धुतली, आनि सुकवायला जरा मैदानापर्यंत फिरवून आनली. वीस मिनटं.”

“मी सांगितलं होतं, बाबा!” हर्षलाचा आवाज चढला आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. कडेवरची ओजल दचकून तिच्या मानेत शिरली. आता उद्या शनिवार, परवा जावळ. गजा उद्या येणार नाही, शनिवारी त्याच्याकडे घाटात बंद पडलेल्या गाड्यांची रीघ असते, हे त्याने फोनवरच सांगितलं होतं. म्हणजे रविवारी ती मागच्या सीटवर, मांडीवर ओजल, पुढे ट्रक, मागे ट्रक. आणि पुन्हा तेच, की सगळ्यांचं बरोबर आणि तिलाच भास.

डोळे भरून यायला लागले म्हणून ती आत वळली. मागून गजाचा आवाज आला.

“वैनी, काय बनवताय दुपारला?”

सासूबाई, गोदूबाई, पडवीत वाल सोलत होत्या. “बिरडं,” त्या म्हणाल्या. “का रं?”

“मंग मी जेवूनच जाईन. ही थंड व्हईपर्यंत बसतो.” त्याने बॉनेट उघडून टेकू लावला, बाबांना हाताशी घेऊन गाडी ढकलत आंब्याच्या सावलीत नेली आणि गॅरेजात फोन करून सांगितलं, “आज माजी वाट बघू नका.”

हर्षला दारात उभीच राहिली. एका इंजिनाला निवायला किती वेळ लागतो, ते तिला लॅबमधल्या अनुभवाने साधारण कळत होतं. आठ तास. नऊ. आणि हा माणूस, ज्याच्या एका हाकेला चार गाड्या उभ्या असतात, तिच्या दोन सेकंदांसाठी दिवसभर बसणार होता. तिला काहीतरी बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते, “चहा ठेवू का, काका?”

“ठेवा. आनि ती वही आना. दादा सांगत व्हते, तुमची वही हाय म्हनून.”

दादा सांगत होते! तिने बाबांकडे पाहिलं. ते फळ्या पुसत होते.

गजाने चष्मा लावला आणि वही मागून उघडून वाचायला घेतली. अशी कुणी ती वही वाचली नव्हती. बोट ठेवून, ओळीनंतर ओळ, मध्येच मागे जाऊन. गोदूबाईंनी सोललेले वाल त्याच्या पुढ्यात सरकवले तर वाचता वाचता तोही सोलायला लागला. ओजलने आणून दिलेली प्लास्टिकची जेसीबी त्याने कानाला लावून ऐकली आणि “हिचं इंजिन टकाटक हाय” असा दाखला दिला. मग तो एका पानावर थांबला.

“ताई, मार्चात एक शेकंद. एप्रिलात एक. मे, एक. हे जूनच्या चौदाला काय झालं?”

“तेल बदललं, तुम्ही सांगितलेलं,” ती म्हणाली. “घट्ट.”

“आनि मंग दोन. थंडी पडली तसे तीन.” गजाने वही गुडघ्यावर पालथी ठेवली. “माजी चूक.”

“काय रं झालं?” बाबा जवळ आले.

“दादा, आमची जुनी खोड. इंजिन वाजलं की घाल घट्ट तेल. जुन्या गाड्यांला चालतं ते. पन हिच्या पोटात सायकलीसारकी चेन हाय. खालचा दांडा फिरला की चेन वरचा दांडा फिरवते. ती चेन ताठ कशानी ऱ्हाते? तेलाच्या दाबानी. रातभर तेल खाली उतरतं. सकाळी ते वर चढस्तवर चेन ढिली, नि ती आपटते. मी तेल घट्ट केलं, म्हंजे त्याला चढायला आनकीन टाइम. वहीत सरळ लिवलंय. बघनारा नव्हता कोनी.”

“म्हणजे चेनच आहे?” तिने विचारलं.

“नक्की नाय. टॅपेट, म्हंजे वरचे खटके, ते पन सकाळचे असेच वाजतात, तेल पोचेपर्यंत. पंख्याचा पट्टा वाजतो. ऐकल्याबिगर बोलनार नाय मी आता. एकदा बोललो, ते बस झालं.”

चूक झाली असं म्हणणारा मिस्त्री तिने पाहिला नव्हता. खरं तर चूक झाली असं म्हणणारी माणसंच तिने मोजकी पाहिली होती. आत जाऊन तिने भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि मळता मळता दोनदा पदराने डोळे टिपले. गोदूबाईंनी ते पाहिलं, पण म्हणाल्या एवढंच, “त्याला दोन भाकरी जास्त टाक. हाडकुळा हाय, पन खातो.”

जेवण झालं. गजा पडवीत तासभर घोरला. ओजलही झोपली. साडेतीनला त्याने इंजिनावर हात ठेवला, मग बाबांना ठेवायला लावला, मग हर्षलाला. थंडगार.

“आता ऐका,” तो म्हणाला. “डाव एकच हाय. एकदा सुरू केली की संपलं, परत उद्या सकाळ. पट्टा मी काढून ठेवलाय, म्हंजे पट्ट्याचा आवाज वगळला, नि पुढं फिरनारं काय नाय, ताईंच्या ओढनीला धोका नाय. ऱ्हायले दोगं. टॅपेट हितं वर. चेन ही पुढच्या झाकनामागं. दोन जागा, नि माजे कान दोन असले तरी डोकं एकच.” त्याने पिशवीतून दोन लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, काढले. एक तिच्यासमोर धरला. “टोक हितं टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला दाबायची. डाक्टरसारकं.”

“मी?”

“मंग कोन? ह्या घरात ऐकू कोनाला येतं?”

तिने ओढणी कमरेला खोचली आणि वाकली. पेचकसाच्या मुठीचा थंडपणा कानामागे लागला. बाबा आत बसले. काचेतून त्यांचा चेहरा दिसत होता.

“मारा, दादा!”

इंजिन धडधडलं. तिच्या कानात आधी नुसता गोंगाट, मग त्यात बारीक, एकसारखी टिकटिक, शिवणयंत्राच्या सुईसारखी. खिळ्यांचा आवाज होता, पण लांब, भिंतीपलीकडे चाललेल्या भांडणासारखा. एक, दोन, तीन. गेला. फक्त टिकटिक राहिली.

“बंद!” गजा ओरडला. तो पुढच्या झाकणाशी वाकलेला तसाच होता. “तुमच्याकडं?”

“बारीक टिकटिक, सारखी. तो आवाज माझ्या इथला नव्हता. पुढून येत होता.”

“माज्या कानफटात बसला,” गजा म्हणाला. “चेन.”

तिला वाटलं होतं, कुणीतरी खरं म्हटलं की हलकं वाटेल. झालं उलटंच. ती जाऊन पडवीच्या पायरीवर बसली. गजा मात्र थांबला नाही. गाडी फळ्यांवर चढवून तो खाली शिरला आणि त्याने गोदूबाईंचं एक जुनं सुती फडकं बादलीवर ताणून त्यातून सगळं तेल गाळलं. काळं तेल हळूहळू खाली गेलं आणि फडक्यावर उरले तीन तुकडे. तपकिरी, खारकेच्या फोडीएवढे, एका बाजूने घासून गुळगुळीत झालेले.

“चेन ज्यावरून सरकते ना, त्या प्लास्टिकच्या पट्टीचे हे,” त्याने तुकडे तळहातावर मांडले. “पट्टी तुटलीया. म्हंजे चेन आता नुसती नशिबावर चालतीया. चक्राचा एक दात जरी चुकली, तर आतले व्हाल्व नि पिस्टन एकमेकांवर आदळतात. इंजिन जागच्या जागी खलास. सपाटीला झालं तर ठीक. चढाला, ट्रकच्या रांगेत झालं तर स्टेरिंग जड, ब्रेक दगड.” त्याने पुढचं सांगितलं नाही. ओजल नुकतीच उठून डोळे चोळत आजीला चिकटली होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

बाबांनी एक तुकडा उचलला. बोटात फिरवला.

“मला यायचा ऐकू,” ते म्हणाले.

गजाने उरलेले दोन तुकडे फडक्यावर ठेवले.

“मार्चापासून यायचा. वीस वर्षं हिच्यासंगं काढली, मला नाय येनार? पन वाटायचं, एकदा पोट फाडलं की ही परत बसायची नाय. शेठची शेवटची वस्तू. म्हनून जमेल तेव्हा मी पहाटे उठून, तुमी जागे व्हायच्या आत, तापवून ठेवायचो. कोनी ऐकू नये म्हनून.” त्यांनी हर्षलाकडे पाहिलं नाही, ओजलकडे पाहिलं. “आज पन त्याच्यासाठीच तापवली. धुवायचं निमित्त. पोरीला सारखं भास म्हनत व्हते, नि मी ऐकत बसलो.”

हर्षलाच्या मनात रागाची एक लाट आली. नऊ महिने! पण समोरचा माणूस इतका लहान दिसत होता, की ती लाट तिच्या ओठांपर्यंत पोचलीच नाही. हे ते न सांगताही राहू शकले असते. तुकडे सापडलेच होते, कुणी काही विचारलं नव्हतं. तरी त्यांनी सांगितलं, मिस्त्रीसमोर, बायकोसमोर, सुनेसमोर.

“बसंल ती परत,” गजा म्हणाला. “महिना जाईल सामान यायला. पन बसवून देतो. ह्याच अंगनात, तुमच्या डोळ्यांदेखत. परक्या छपराखाली नाय नेत.”

बाबांनी नुसती मान हलवली. ह्या वेळची मान होकाराचीच होती. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि हर्षलाच्या हातात दिली. “सोमवारपर्यंत तुज्यापाशी ठेव. माजा भरवसा नाय.” गोदूबाई फसकन हसल्या आणि गजाही हसला. “पोपटला फोन लाव,” बाबा गोदूबाईंना म्हणाले, “रविवारी त्याची व्हॅन सांग.”

निघताना गजाने मोटारसायकलला किक मारली तेव्हा हर्षला वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन धावत गेली. आभार कसे मानायचे याची तिने दिवसभरात चार वाक्यं जुळवली होती. “काका, तुम्ही थांबलात,” एवढंच तिला म्हणता आलं.

“तुमी लिवत ऱ्हायलात,” गजा म्हणाला. पिशवी हँडलला अडकवून तो गेला.

रविवारी पोपटच्या व्हॅनमध्ये नऊ माणसं, एक कोंबडं आणि नारळांचं पोतं. खोपोली सोडून जुन्या रस्त्याने घाट लागला. शिंग्रोबाच्या देवळाशी पोपटने वेग कमी केला, तसं साईनाथबाबांनी खिडकीतून नाणं टाकलं आणि हात जोडले. ओजल आईच्या मांडीवर, जावळात शेवटचा बांधलेला लाल बो घेऊन, येणारे ट्रक मोजत होती. तिचे आकडे तीनच्या पुढे जात नव्हते. हर्षलाने तिच्या पोटाभोवती हात घट्ट केले. पुढे ट्रक होते, मागे ट्रक होते, दरी तिथेच होती. तरी आज तिला भीती वाटत नव्हती. डॉक्टरीणबाई, गजा, फडकं देणाऱ्या आई, आणि पुढच्या सीटवरची ती पिकलेली मान, एकेकाचं नाव ती मनात घेत होती. देवीपुढे उभं राहिल्यावर गर्दीत आठवायचं नाही म्हणून आताच.

चढ तीव्र झाला. पोपटने गिअर खाली टाकला. बाबांनी मान मागे वळवली.

“हर्षला, ह्याच्या इंजिनाचा आवाज कसा हाय गं?”

तिला वाटलं चेष्टा करताहेत. पण ते वाट बघत होते. ओमकारही बोलायचा थांबला. तिने डोळे मिटून ऐकलं, खरंच ऐकलं.

“इंजिन चांगलं आहे, बाबा,” ती म्हणाली. “मागच्या डाव्या चाकात मात्र काहीतरी घरघरतंय.”

“अवो वैनी, काल धुतलीय गाडी!” पोपट म्हणाला. “कायपन नाय त्याच्यात.”

“ती म्हनते ना?” बाबा म्हणाले. “वर गेल्यावर चाक काढून बघ.”

पोपटने आरशातून एकदा तिच्याकडे पाहिलं, वेग आणखी थोडा कमी केला आणि व्हॅन डाव्या कडेला घेतली.